सोनारी करवतीचा उसना ताठपणा

सोनारी करवतीचे २/० क्रमांकाचे पाते सुमारे ०.२६ मिलिमीटर जाड, अर्धा मिलिमीटर रुंद आणि १३० मिलिमीटर लांब असते. पोलादाचे असूनही ते दोन बोटांत उभे धरून वरून जरा दाबले की वाकते. किती दाबाने वाकेल याचा हिशेब लिओनहार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून करता येतो. पात्याची दोन्ही टोके चापात घट्ट आवळली आणि मधली मोकळी लांबी ११५ मिलिमीटर धरली, तरी हे पाते पन्नास ग्रॅमच्या आतबाहेरच्या दाबालाच बाजूला झुकते. चांदीचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा कापताना हाताचा जोर याहून कितीतरी जास्त असतो. तरीही कसबी सोनार याच पात्याने वेलबुट्टीचे बारीकसे वळण एका रेषेत कापून काढतो. म्हणजे कापताना पात्यात जो ताठपणा दिसतो, तो त्याने चौकटीकडून उसना घेतलेला असतो, आणि ही देवघेव ज्या क्षणी होते तो क्षण पाते बसवण्याचा. त्यामुळे पाती भराभर तुटू लागली, रेघ भरकटू लागली, कापाची कड तिरकी येऊ लागली, की पात्याच्या कंपनीला किंवा हाताच्या जडपणाला बोल लावण्याआधी पाते बसवण्याची आणि ताणण्याची रीत तपासावी. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.

हा प्रश्न मोठ्या कारखान्यापेक्षा रोहिणखेडसारख्या गावी जास्त अडतो. मोताळा तालुक्यातले हे गाव खानदेशातून वऱ्हाडात येणाऱ्या जुन्या वाटेवरचे. १४३७ मध्ये खानदेशचा नसीर खान फारुकी आणि बहमनी सरदार खलफ हसन यांच्या फौजा इथे भिडल्या, त्याचे कारण हीच वाट. फौजांची वाट बहुधा मालाचीही वाट असते. आज या गावाच्या एका अंगाला जळगावचा सोन्याचा बाजार आहे आणि दुसऱ्या अंगाला त्याच्याच जिल्ह्यातले खामगाव, ज्याला लोक रजतनगरी म्हणतात. अशा दोन बाजारांच्या मधल्या गावात गिऱ्हाईक नवा दागिना बाजारातून तयार आणते, आणि गावच्या सोनाराकडे मुख्यतः दुरुस्ती येते: अंगठी सैल झाली, जोडवे घट्ट झाले, तोड्याची कडी झिजली. दुरुस्तीत करवतीची खरी परीक्षा होते. अंगठी लहान करायची म्हणजे तिचा तुकडा काढून दोन्ही तोंडे पुन्हा जुळवायची आणि डाग द्यायचा. वितळलेला डाग केसाएवढ्या फटीत आपोआप ओढला जातो, पण रुंद फट भरून काढणे त्याला जमत नाही. काप तिरका गेला तर तोंडे जुळत नाहीत, मग कानस चालवावी लागते, कानशीने धातू जातो, आणि अंगठी हवी त्याहून लहान होते. सांधा पुढे काळा पडला, उसवला, की लोक डागाला दोष देतात. त्याचे मूळ कितीदा तरी पाच मिनिटे आधीच्या सैल पात्यात असते.

पाते बसवण्याची रीत सांगायला सोपी आहे, पण तिच्या प्रत्येक पायरीमागे कारण आहे. चौकट इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, खालच्या टोकाला मूठ, दोन्ही टोकांना स्क्रूने आवळायचे चाप. पात्याचे दात चौकटीच्या पाठीपासून बाहेरच्या बाजूला आणि टोके मुठीकडे झुकलेली असावी लागतात. दात डोळ्यांना धड दिसत नाहीत, म्हणून बोटाने पाहायचे. पात्यावरून बोट मुठीकडे नेले तर ते सहज घसरते, उलट वर नेले तर अडखळते. अशा बसणीत पाते खाली ओढताना कापते, वर जाताना नुसते परतते. सुताराची मोठी करवत ढकलताना कापते, कारण तिचे पाते रुंद आहे आणि ढकलण्याचा दाब सोसते. सोनाराचे पाते ढकलून कापायला लावले, तर ऑयलरचे ते पन्नास ग्रॅम आडवे येतात. ओढताना मात्र पाते स्वतःच ताणले जाते आणि ताणलेली वस्तू वाकत नाही. दात उलटे बसले तर दर कापाला पत्रा बाकावरून वर उचलला जातो, पाते मधोमध फुगते आणि तुटते. नवशिक्याला वाटते की हात जोरात चालला.

वरच्या चापात पात्याचे दात नसलेले टोक शेवटपर्यंत जाऊ द्यायचे, दात चापात धरायचे नाहीत, आणि पाते चौकटीच्या पाठीशी समांतर आहे ना ते समोरून पाहून मगच स्क्रू आवळायचा. पाते तिरके बसले, तर हात कितीही सरळ चालो, काप एका बाजूला ओढ घेतो. कारागीर मनगट वळवून तो सावरत राहतो, आणि तेच वळवणे शेवटी पात्याच्या जिवावर बेतते. चापाच्या आतल्या बाजूला तेल किंवा चांदीचा भुगा असेल तर तो पुसून घ्यावा. जुन्या चापात पात्याची घळ पडलेली असते, ती कानशीने सपाट करावी. स्क्रू बोटांनीच आवळायचा, पकडीने नाही. पकडीच्या जोराने आटे खराब होतात आणि पुढे बोटांनी आवळलेला चाप धरीनासा होतो. आता चौकटीचे वरचे टोक बाकाच्या कडेला टेकवायचे, मुठीचे बूड छातीच्या हाडावर घ्यायचे आणि अंग पुढे झुकवून चौकट काही मिलिमीटर दाबायची. दाबलेल्या स्थितीतच पात्याचे खालचे टोक चापात सरकवून स्क्रू आवळायचा आणि मग अंग सावकाश मागे घ्यायचे. चौकट पुन्हा पसरू पाहते, पाते तिला पसरू देत नाही, आणि त्या ओढाताणीतून ताण जन्मतो.

छातीने चौकट दाबण्याची ही रीत कुणाला गावठी वाटेल. चौकट जाड, न वाकणारी करून स्क्रूनेच पाते ओढले तर काम जास्त नेमके होणार नाही का, ही पहिली शंका. तिचे उत्तर आकड्यांत आहे. समजा २/० पात्यात पाच किलोचा ताण दिला. पात्याच्या छेदाचे क्षेत्र सुमारे ०.१३५ चौरस मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर जवळपास ३७ किलो. इतक्या ताणाने ११५ मिलिमीटरचे पोलादी पाते लांबते अवघे ०.२ मिलिमीटर. चौकट अजिबात वाकणारी नसेल, तर सगळा ताण या ०.२ मिलिमीटरवर उभा राहतो. चापात पाते तेवढेच सरकले की ताण शून्यावर. घासण्याने पाते पन्नास अंशांनी तापले, तर ते सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढते, आणि कुठलाही स्क्रू न हलता ताणाचा तिसरा हिस्सा नाहीसा होतो. याउलट चौकट चार मिलिमीटर दबलेली असेल, तर ०.२ मिलिमीटरच्या सरकण्याने त्या चार मिलिमीटरचा जेमतेम विसावा हिस्सा जातो आणि पाते ताठच राहते. ताण साठवून ठेवण्याचे काम चौकटीच्या लवचीकपणाचे आहे. म्हणून चांगली चौकट स्प्रिंगच्या पोलादाची असते, आणि वजनदार, भक्कम दिसणारी चौकट घेताना दुकानात ती दाबून पाहावी. स्क्रूने ताण देणाऱ्या चौकटी वाईट असतात असे नाही. तुटलेल्या पात्याचा आखूड तुकडाही त्यांत वापरता येतो, ही त्यांची मोठी सोय. पण त्यांच्यातही ताण टिकतो तो पाठीच्या पट्टीच्या लवचिकतेवर, आणि सरकत्या सांध्यात ढिलेपणा असेल तर नेमका तिथूनच तो गळतो.

आता किती ताणायचे? इथे मला सोनाराच्या कानाचे खरे कौतुक वाटते. पाते बसवल्यावर नखाने छेडायचे. ते स्वच्छ, उंच वाजले तर ठीक, बद्द वाजले तर पुन्हा बसवायचे, एवढे प्रत्येक उस्ताद शिकवतो. याला कुणी अंदाजपंचे म्हणेल. पण फ्रेंच धर्मगुरू आणि गणितज्ञ मारँ मर्सेन याने १६३६ मध्ये तारेच्या स्वराचे जे नियम प्रसिद्ध केले, ते लावून पाहिले तर कानाची ही कसोटी कोणत्याही साध्या मोजपट्टीपेक्षा भरवशाची ठरते. पाच किलोच्या ताणाचे २/० पाते सेकंदाला सुमारे ९४० कंपने करते, अडीच किलोचे ६६० च्या आसपास. ताण साधारण बारा टक्क्यांनी बदलला की स्वर पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांइतका वर-खाली होतो, आणि तानपुरा जुळवताना ऐकू येतो तसा हा फरक सरावलेल्या कानाला लगेच कळतो. छातीच्या दाबात बारा टक्क्यांचा फरक किती जणांना ओळखता येईल?

याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. पाते बारीक होत जाते तसा त्याचा छेद झपाट्याने घटतो. ८/० पाते सुमारे ०.१६ मिलिमीटर जाड आणि ०.३२ रुंद, त्याचा छेद २/० च्या चाळीस टक्क्यांपेक्षाही कमी. २/० ला सोसणारा पाच किलोचा ताण ८/० ला दिला, तर दर चौरस मिलिमीटरवरचा भार अडीचपटीहून वर जातो, आणि पाते पहिल्याच वळणावर तुटते. मग प्रत्येक क्रमांकासाठी चौकट किती दाबायची हे वेगळे पाठ करायचे का? नाही. त्याच मर्सेनच्या नियमातून निघते की मोकळी लांबी तीच असेल तर पात्याचा स्वर त्याच्या जाडी-रुंदीवर अवलंबून राहतच नाही. तो ठरतो दर चौरस मिलिमीटरवरच्या भारावर. बारीक पाते आणि जाड पाते एकाच स्वरात वाजले, तर दोघांवरचा भारही सारखाच. म्हणजे एकदा स्वर कानात बसला की क्रमांक बदलला तरी मोजमाप बदलत नाही. दाब हाताने द्यायचा, पण निवाडा कानाने करायचा, या जुन्या सवयीमागे इतके पक्के कारण आहे आणि शिकवताना ते सांगितले जात नाही, हे मला खटकते.

ताठपणा हवा तर पाते जमेल तितके ताणावे, हा दुसऱ्या टोकाचा सल्लाही ऐकायला मिळतो, आणि त्यात तथ्य आहे ते अर्धेच. ताणलेल्या पात्याला मधोमध दोनशे ग्रॅमचा रेटा दिला तर पाच किलोच्या ताणात ते सव्वा मिलिमीटरपेक्षा कमी झुकते, अडीच किलोत त्याच्या दुप्पट. एक मिलिमीटरचा पत्रा आणि दोन मिलिमीटरहून जास्त झुकलेले पाते! वळण फुगीर येते आणि पत्र्याच्या वरच्या व खालच्या बाजूची रेघ एकमेकींवर बसत नाही, यात नवल नाही. म्हणून ताण हवाच. पण पोलादाची सोसण्याची ताकद अमर्याद नसते, दातांच्या खाचांमुळे छेद आणखी लहान होतो, आणि वाकण्याचा भार ताणाच्या भारात मिळतो. पाते बाजूला झुकून पन्नास मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीत आले, तर नुसत्या त्या वाकण्याने दर चौरस मिलिमीटरवर पन्नास किलोंहून जास्त भार पडतो. आधीच अतोनात ताणलेल्या पात्यापाशी ही वाढ पेलायला जागा उरत नाही. मध्यम ताणाचे पाते हाताची एखादी चूक पचवते; जास्त ताणलेले पचवत नाही. आणि अगदी बारीक वळणासाठी पाते मुद्दाम सैल ठेवणे हाही उपाय नव्हे. पाते बारीक क्रमांकाचे घ्यावे, वळणावर करवत पुढे न रेटता जागच्या जागी वर-खाली चालू ठेवावी आणि पत्रा सावकाश फिरवावा. पात्याने आपल्यापुरती जागा कापून घेतली की ते वळते.

तुटलेले पाते फेकून देण्याआधी क्षणभर पाहावे, कारण चूक कुठे झाली ते त्याच्यावर दिसते. चापाच्या तोंडाशीच तुटले असेल, तर पाते चापात तिरके धरले गेले होते किंवा चापाची धार त्याला चेपत होती. न तुटता चापातून निसटले, तर तेल, भुगा किंवा झिजलेली घळ. दातांच्या मधल्या भागात तुटले आणि तुकड्याला पीळ दिसला, तर वळणावर पत्र्याआधी चौकट फिरली. मधोमध सरळ तुटले आणि काप अडकून बसला होता, तर पाते सैल होते किंवा पत्र्याच्या मानाने दात मोठे होते. पत्र्याच्या जाडीत एका वेळी किमान दोन-तीन दात असावेत. २/० ला सेंटिमीटरमध्ये साधारण बावीस दात असतात, म्हणजे एक मिलिमीटरच्या पत्र्याला ते जेमतेम पुरते, आणि पाऊण मिलिमीटरला त्याच पात्याचे दात पत्र्याच्या कडेला अडकू लागतात. पात्याच्या पाठीला मधमाशीचे मेण लावल्याने घासणे कमी होते. पण दातांत मेण भरले तर भुगा बाहेर पडत नाही. हे सगळे तुकडे एका डबीत जमवले, तर महिनाभरात कळेल की त्यातले जोराने तुटलेले फार थोडे आहेत.

पाती तर डझनाने मिळतात, स्वस्त असतात. तुटले तर दुसरे लावावे, एवढा खटाटोप कशाला? ही शंका व्यवहाराची आहे आणि तिला व्यवहारातच उत्तर द्यायला हवे. करवतीच्या रेघेत धातूचा भुगा होतो. एक मिलिमीटर जाड पत्र्यात २/० ने दहा सेंटिमीटर काप घेतला, तर चांदीचा सुमारे ०.३ ग्रॅम भुगा पडतो, बावीस कॅरट सोन्याचा सुमारे अर्धा ग्रॅम. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोने काढणारे झारेकरी यावरच पोट भरत आले. सैल पाते भरकटले की रेघ रुंद होते, ती सुधारायला कानस लागते, आणि घट दुप्पट होते. पात्याची किंमत या घटीपुढे काहीच नाही. शिवाय जाळीचे काम घ्या. देवाच्या मूर्तीमागच्या चांदीच्या प्रभावळीत आतली प्रत्येक खिडकी वेगळी कापावी लागते: आधी बारीक भोक पाडायचे, पात्याचे खालचे टोक सोडवायचे, ते भोकातून ओवायचे, पत्रा वर सरकवायचा आणि पाते पुन्हा ताणायचे. साठ खिडक्यांच्या प्रभावळीत एकही पाते तुटले नाही, तरी ते साठदा बसवावे लागते. साठ वेळांपैकी दहा वेळा ताण कमी पडला, तर त्या दहा खिडक्या डोळ्यांना खुपतात; गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण काम ओबडधोबड वाटते.

लेसरने पत्रा कापण्याचे यंत्र हे सगळे क्षणात आणि पाते न वापरता करते, हेही खरे. सपाट पत्र्यातल्या शंभर सारख्या जाळ्या हव्या असतील तर हाताच्या करवतीने यंत्राशी स्पर्धा करू नये. पण बोटातून काढलेली जुनी अंगठी सपाट नसते, तिच्यात खडा असतो, पूर्वीच्या डागाची जागा असते, आणि ती एकच असते. तिच्यासाठी यंत्र मांडायला लागणाऱ्या वेळात करवतीने काप होऊन डागही दिलेला असतो. गावातला सोनार जोवर दुरुस्तीवर जगतो, तोवर हे अवजार त्याच्या पाटावर राहणार. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सोनारकाम आहे, आणि पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण व अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत तीत ठेवली आहे. त्या पाच-सात दिवसांतला पहिला तास एकही पत्रा न कापता केवळ पाते बसवणे, छेडणे, काढणे आणि पुन्हा बसवणे यांना द्यावा, वेगवेगळ्या क्रमांकांची पाती एकाच स्वरात आणायला लावावीत, असे मी आग्रहाने सुचवीन. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कापायला उरलेला वेळ पुरेसा आहे.

आणि मदतीच्या पैशातून नवी चौकट घेण्याआधी जुनी तपासावी. ताणून बसवलेल्या पात्याचा खालचा चाप हळूच सैल करायचा. चौकटीत जीव असेल तर ती लगेच पसरते आणि पात्याच्या टोकात व चापात काही मिलिमीटरचे अंतर पडते. टोक जागच्या जागीच राहिले, तर दोन शक्यता: पाते बसवताना चौकट पुरेशी दाबली नव्हती, किंवा तिची स्प्रिंग गेली आहे. पुन्हा नीट दाबून बसवावे आणि पुन्हा सोडून पाहावे. दुसऱ्या वेळीही अंतर पडले नाही, तर ती चौकट बदलावी, मग तिचे चाप आणि मूठ कितीही धडधाकट असोत.